उसनं घर

ऋतुजानं सकाळपासून एक साडी धड घडी घातली नव्हती. नवी पेठेतलं बापूसाहेबांचं दुकान म्हणजे गिऱ्हाईक बसलं की पन्नास साड्या उलगडायच्या, आणि ते एकही न घेता उठलं की पन्नास पुन्हा घडी घालून ठेवायच्या. बारावीची परीक्षा संपल्यापासून ती ह्या कामाला लागलेली, हात चांगला बसला होता तिचा. पण आज काठाला काठ लागेना, पदर बाहेर लोंबायचा, आणि दर दोन मिनिटांनी नजर फोनवर जायची.

"ए बाई, साडीकडं बघ की जरा," बापूसाहेब गल्ल्यावरनं ओरडले. "फोनला काय पाय फुटल्यात का?"

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. पण पोरीचा जीव टांगणीला लागलाय हे त्यांना कुणी सांगावं?

गोष्ट अशी होती. सोलापुरातल्या एका कॉलेजात 'संधी योजना' म्हणून आहे. ज्या घरातनं आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि चढायची ऐपतही नाही, अशा घरांतली बारा पोरं दरवर्षी घेतात. फी नाही, पुस्तकं त्यांची, बसचा पास त्यांचा. बारा जागांना एक्कावन्न अर्ज आले होते. मार्कांत ऋतुजा चौथी, मुलाखतही बरी गेलेली. राहिली होती ती घरभेट. तीच सगळ्यात मोठी, कारण ह्या लोकांचा कागदांवर काडीचा विश्वास नाही. ते घरात येऊन डोळ्यांनी बघतात, फॉर्मवर खुणा करतात आणि जातात. ह्यात नाव कटलं तर पुढं काय, ते आईनं, म्हाळसाबाईनं, आधीच सांगून ठेवलं होतं. "मग गप दिवाळीनंतर लगीन करून उजवायची तुला. दुकानात साड्या मोडत किती दिस बसशील?" म्हाळसाबाई एकदा बोलली की बोलली. बाप बाळासो मेंढरं घेऊन करकंबच्या बाजूला रानं बदलत फिरत होता, त्याचा फोन लागला तर लागला. म्हणजे आईच्या पुढं अपील करायलाही जागा नव्हती.

घरभेट उद्या होती. ऋतुजानं उद्याची सुट्टीही मागून ठेवलेली. आणि साडेअकराला कॉलेजच्या ऑफिसातनं फोन आला.

"ऋतुजा मेटकरी का? गोदावरी मॅडम आजच निघाल्यात गं. उद्याची घरं आजच उरकून टाकते म्हणाल्या. पोचतच असतील तुमच्याकडं. घरी कोण आहे?"

"आई आहे."

"मग झालं तर."

काय झालं डोंबल! ऋतुजानं आईचा नंबर लावला. दुसऱ्या रिंगला आईनं उचलला, आणि आवाज असा, की घरात सण आहे.

"आज येणार हायत व्हय? येऊ द्यात की. समदी तयारी हाय."

"कसली तयारी?"

"कसली म्हंजे? पोहं आनून ठेवल्यात. तू आपली येताना मालकाकडनं ती मोरपंखी साडी मागून घे, नेसूनच ये. आन् वेणी घाल. केस मोकळं नगंत."

"आई, साडी कशाला?"

"आता गं बया! बघाया येणार आन् तू ड्रेसावर बसणार व्हय? काळजी करू नगस. सुंदरम्मानं सोफा दिलाय. धनाजीनं फ्रीज आणून ठेवलाय. माळ बी घातलीया मी सुंदरम्माची."

ऋतुजा ओरडलीच. "आई, सगळं परत दे! आत्ताच्या आत्ता! ऐकतीस का?"

"गाडी वाजली वाटतं. आली मानसं. ठेव, ठेव!"

फोन बंद. पुन्हा लावला, उचलेना. तिसऱ्यांदा लावला, उचलेना.

चूक कुणाची? खरं सांगायचं तर ऋतुजाचीच. परवा भांडी घासता घासता ती आईला म्हणाली होती, "कॉलेजची मानसं येणार हायत. घर बघतील, मला चार प्रश्न इचारतील." आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं पोरीच्या घरी माणसं येऊन घर बघतात आणि पोरीला चार प्रश्न विचारतात, तेव्हा काय करायचं असतं? आयांना हे शिकवावं लागत नाही. त्यात म्हाळसाबाईच्या काळजाला जुनी जखम होती. थोरल्या सोनालीला बघायला करमाळ्याची माणसं आली होती. पत्रा बघितला, शेणानं सारवलेली जमीन बघितली, पोहे खाल्ले आणि "कळवतो" म्हणून गेली ती गेली. मागनं आणखी दोघं आले, त्यांनीही घर बघितलं आणि "कळवतो" म्हटलं. पोरीत काडीची खोट नव्हती. शेवटी तिला मिळेल त्या घरी दिली, आणि ते घर काही बरं निघालं नाही. तेव्हापासून म्हाळसाबाईनं मनाशी एक पक्कं केलेलं, की पुन्हा ह्या घराकडं बघून कुणी नाक मुरडायचं नाही. ते स्थळवाले असोत, नाहीतर कॉलेजवाले.

"बापूसाहेब, मला घरी जायचंय."

"आता? गिऱ्हाईकाच्या टायमाला?"

"पगार कापा. जातेच मी."

बापूसाहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. एवढं तोंड वर करून ही पोरगी कधी बोलली नव्हती. "जा बाई, जा," ते म्हणाले, "पण ती उलगडलेली तरी बाजूला ठेवून जा."

ती बाहेर आली तर पेठेत ही गर्दी. कुणी बांगड्या बघतंय, कुणी मधेच उभं राहून घासाघीस करतंय, कुणाला म्हणून घाई नाही. शेअर रिक्षा मिळाली, पण रिक्षावाला पाच सीट भरल्याशिवाय हलायचं नाव घेईना. चार भरल्या. पाचवीसाठी तो "चला, चला" करत उन्हात उभा.

"काका, पाचवी सीट मीच. दोन सीटचं देते, पण चला हो!"

"कुणी आजारी हाय का?"

"व्हय म्हणा आणि चला!"

रिक्षा निघाली तर सिग्नल. सिग्नल सुटला तर पुढं कडब्याचा ट्रॅक्टर आडवा. ऋतुजा कधी पुढं वाकायची, कधी मागं टेकायची, ओढणीचं टोक पिळून पिळून त्याची वात केली तिनं. शेजारची बाई सरकून बसली. डोक्यात एकच चाललेलं, मॅडम आता सोफ्यावर बसल्या असतील, आता फ्रीजकडं बघत असतील, आता लिहीत असतील. चौथी आले मार्कांत, आणि जाणार कशानं, तर सुंदरम्माच्या सोफ्यानं! तिला आईचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

शहर संपतं तिथं रिक्षा थांबली. पुढं माळ, आणि माळावर पत्र्याच्या घरांची एक ओळ. ऋतुजा पळत सुटली. चप्पल तुटली ती तिथंच टाकली.

दारात कॉलेजची पांढरी जीप उभी होती. रोजची शेरडं मात्र दारात नव्हती. शेजारच्या सुंदरम्माच्या परसात कोंडली होती ती, आणि तिथनं आख्ख्या माळाला ऐकू जाईल असं ओरडत होती.

आत पाऊल टाकलं आणि ऋतुजाला स्वतःचं घर ओळखू येईना. लाल सोफा, वरचं प्लॅस्टिकही न काढलेला. तो एवढ्याशा दारातनं आत आला कसा, हे बिरोबालाच माहीत! निम्मं घर त्यानंच खाल्लं होतं. कोपऱ्यात फ्रीज, फ्रीजवर कागदाची फुलं. आई ठेवणीतल्या साडीत, गळ्यात सोन्याची माळ, डोक्यावर पदर, तोंडभर हसू. आणि सोफ्यावर गोदावरी मॅडम. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर फाइल, हातात पोह्यांची बशी आणि चमचा अजून तसाच कोरडा.

"ये. तुझीच वाट बघत होते," मॅडम म्हणाल्या. "घर छान आहे हो तुमचं."

फाइल उघडीच होती. ऋतुजानं उलटं वाचलं. सोफा, बरोबरची खूण. फ्रीज, बरोबरची खूण. दागिने, बरोबरची खूण.

"मॅडम, हे आमचं नाहीये."

आईच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी थिजलं. मग ती सावरून म्हणाली, "लाजाळू हाय लई. पाव्हणं आलं की कायबी बोलती."

"आई, गप की! मॅडम, खरंच सांगते. सोफा ह्या सुंदरम्मा मावशींचा आहे. मावशी, सांगा की हो!"

सुंदरम्मा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. हातमागवाल्यांच्या घरातली, बिड्या वळून चार पोरं वाढवलेली, जिभेनं तिखट आणि मनानं सोनं. तिनं ऋतुजाकडं बघितलं, म्हाळसाबाईकडं बघितलं, आणि पापणीही न लववता म्हणाली, "माझा? नाही बाई! माझ्या घरी कुठला आलाय सोफा? म्हाळसाबाईंचाच की तो. चार वर्षं झाली घेऊन."

"मावशी!"

"काय बोलालीस गं पोरी, घरच्या वस्तूला दुसऱ्याची म्हणालीस!"

"धनाजीदादा, तू तरी!"

पलीकडच्या घरातला धनाजी खिडकीत उभा होता. "काकीचाच हाय," तो म्हणाला. "मीच तर उचलून आ..." आणि थांबला. "म्हंजे दुकानातनं. तवा."

आता ह्यांना खोटारडे म्हणू नका. ह्या ओळीत पाहुणे आले की वस्तू द्यायची, आणि दिलेली वस्तू आपली म्हणायची नाही, ही रीत आहे. सुंदरम्माच्या पोरीला बघायला आले तेव्हा तांब्याचा बंब म्हाळसाबाईचा होता, आणि म्हाळसाबाईही अशीच छातीठोक बोलली होती. मेलं तरी रीत मोडायची नाही! पण ह्या रीतीनं पोरीच्या गळ्याला फास बसलाय, हे त्या बिचाऱ्यांना कुठनं कळावं?

मॅडमनी बशी खाली ठेवली. "मी अठरा वर्षं घरं बघते, बाळ. रिकामी करून दाखवणारे किती बघितले. टीव्ही शेजारी नेऊन ठेवतात, फ्रीजवर गोधड्या टाकतात, मुद्दाम फाटकं नेसतात. सोफा आमचा नाही, हे तर मी रोज ऐकते. तू म्हणतेस आमचं नाही. तुझी आई म्हणते आमचंच. शेजारीही म्हणतात त्यांचंच. मी कुणाचं लिहू?"

"माझं लिहा, मॅडम."

"एकटीचं नाही लिहिता येत." त्यांनी फाइल मिटली. "मला अजून चार घरं आहेत. कळवतो."

तो शब्द ऐकला आणि म्हाळसाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. इतका वेळ ती कशी पाहुण्यांची सरबराई करत होती. आता ती दारात आडवी येऊन उभी राहिली.

"कळवतो म्हंजे न्हाय, व्हय न्हवं?"

"तसं नाही हो, म्हाळसाबाई..."

"मला म्हाईत हाय की. काय कमी पडलं? पोहं गार झालं का? का फ्रीज बारका वाटला? सांगून तरी जावा, बाई. न्हायतर जलमभर इचार करत बसायचं मानसानं."

ऋतुजाचा बांध फुटला. "कमी न्हाय पडलं गं, जास्त झालं! हे स्थळ न्हाय आई! ह्यांना आपली गरिबी बघायची हुती!"

"गरिबी?" म्हाळसाबाईला ते खरंच कळेना. "गरिबी बघाया मानसं येत्यात व्हय?"

ऋतुजानं मान हलवली. मॅडमनीही.

"ती बघून पोरगी घेत्यात?"

"व्हय आई. ती बघूनच."

म्हाळसाबाईनं लेकीकडं बघितलं. घामानं भिजलेला ड्रेस, विस्कटलेले केस, अनवाणी पाय धुळीनं माखलेले. मग तिनं गळ्यातली माळ काढली आणि सुंदरम्माच्या पुढं धरली.

"घे बाई तुजी."

सुंदरम्मानं हात मागं घेतला. "अय्यो, तुझीच की गं ती."

"सुंदरम्मा, सिद्धेश्वराची आण घे आन् सांग."

सिद्धेश्वराचं नाव निघालं आणि सुंदरम्मानं तांब्या खाली ठेवला. खोटं तरी किती बोलायचं, आणि कुणाच्या नावानं? मग तिनं माळ घेतली, डोळे पुसले आणि मॅडमना म्हणाली, "माझीच आहे, बाई. सोफा पण माझाच. लेकाच्या लग्नातला. तिची लाज राहावी म्हणून बोलले मी, शिक्षा तिला देऊ नका."

आता धनाजीला कुणी विचारायचीही गरज उरली नाही. तो आत आला आणि फ्रीजमागची वायर ओढून दाखवली. "लावलेलाच न्हाय बघा. ह्या घरात पिन लावायला जागाच न्हाय, बल्बचं एक बटन हाय तेवढं. आत आमचं ताक हाय." दार उघडलं. ताकाचं पातेलं होतंच आत.

गोदावरी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "भरून दाखवणारं घर पहिल्यांदा बघितलं मी," त्या म्हणाल्या, निम्म्या स्वतःशीच.

"आता बसा म्हनलं तरी कुटं बसवू तुमास्नी?" म्हाळसाबाई म्हणाली. "सोफा तर लोकाचा." मग काहीतरी आठवल्यासारखी ती पत्र्यामागं गेली आणि काळं घोंगडं ओढून घेऊन आली. मेंढरांचा वास येतो म्हणून सकाळीच लपवलं होतं ते. दारात नेऊन झटकलं आणि जमिनीवर अंथरलं. "हे आमचं. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं. ह्याच्यावर बसनार आसशीला तर बसा."

मॅडम बसल्या. गुडघे दुखत होते तरी मांडी घालून बसल्या. जुना फॉर्म आडवी रेघ मारून त्यांनी बाजूला ठेवला, नवा काढला, आणि पहिल्यापासून विचारायला लागल्या. घरातली माणसं किती, मेंढरं किती, बाप वर्षातनं घरी किती महिने, पाणी कुठनं. म्हाळसाबाई एकेक सांगत गेली. आधी मान खाली घालून, मग हळूहळू वर करून. मधेच सुंदरम्माच्या परसातनं दावं तोडून एक शेळी आली ती थेट घरात, आणि कुणी हाकलायच्या आत पोह्यांच्या बशीत तोंड घातलं. "ही मात्र आमचीच," म्हाळसाबाई म्हणाली. मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

पण उठताना त्या पुन्हा तेच म्हणाल्या. "माझ्या एकटीच्या हातात नसतं, आई. कमिटी बसते. आठ दिवसांत कळवतो."

"बरं," म्हाळसाबाई म्हणाली. जीप दिसेनाशी झाली तरी ती दारातच उभी होती. "असंच म्हनत्यात समदी," ती एवढंच बोलली आणि भांडी घासायला बसली.

ते आठ दिवस ऋतुजानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. रात्री कूस बदलायची, पहाटे फोन चाचपायची. अनोळखी नंबर आला की झडप घालून उचलायची, आणि तो निघायचा कर्ज हवंय का विचारणारा. दुकानात तिनं शंभराची साडी हजाराला सांगितली आणि हजाराची शंभराला. बापूसाहेबांनी वैतागून तिचा फोन बंद करून गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. "संध्याकाळी घेऊन जायचा," म्हणाले. आठ दिवस झाले, काही नाही. नऊ झाले. नवव्या रात्री आई बाळासोशी फोनवर बोलताना तिनं ऐकलं, "मंगळवेढ्याकडचं एक स्थळ सांगालीया कोनतरी. बघू." ऋतुजानं डोक्यावरनं गोधडी ओढून घेतली. तिला रडूही येईना.

दहाव्या दिवशी दुपारी दुकानात नऊवारी नेसलेली एक बाई चढली. पायांत धुळीनं भरलेल्या वहाणा. नवी पेठेतल्या काचेच्या दुकानात ती कधी आलेली नसावी, हे बघताच कळत होतं.

"या मावशी, काय दाखवू?" बापूसाहेब म्हणाले.

"काय नगं. लेकीकडं काम हाय."

ऋतुजाच्या हातातली साडी गळून पडली. आई? हितं? बाबांना काही झालं का? मेंढरांना? "काय झालं आई? बोल की!"

"तुजा फोन का बंद हाय? लावून लावून दमली ती बाई. मग माझा लावला." म्हाळसाबाईला धाप लागली होती. रिक्षाची वाट न बघता ती निम्मा रस्ता चालत आली होती. "कळवलं गं."

"काय कळवलं?"

"कळवलं त्यांनी. घेतली म्हनल्यात तुला. सोमवारी या म्हनल्यात, चार फोटू आन् दाखला घिऊन."

म्हाळसाबाई कुणाला न विचारता त्या पांढऱ्या गादीवर, उलगडलेल्या साड्यांच्या मधोमध बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. गिऱ्हाईकं बघायला लागली. बापूसाहेबांनी ड्रॉवरचं कुलूप काढलं आणि फोन ऋतुजाच्या हातात दिला.

"सोनालीला लाव आधी," म्हाळसाबाई म्हणाली. "तिला सांग, आपलं घर बघून गेल्याली मानसं हुती, त्यांनी कळवलं म्हनावं."